‘पाच हजार काढा’ म्हणजे नेमके काय करायचे?

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक गॅल्व्हनोमीटर आहे. त्याचा काटा शून्यावर येत नाही, एका टोकाला टेकून बसतो. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेले हे उपकरण मी अजून मोडीत काढलेले नाही, कारण ते बिघडले ते माझ्या एका वाक्यामुळे.

बारावीच्या विद्यार्थ्यांना गॅल्व्हनोमीटरचा रोध अर्धविचलन पद्धतीने मोजायचा होता. दोन व्होल्टचा संचायक घट, एक रोधपेटी, एक कळ आणि गॅल्व्हनोमीटर, एवढेच साहित्य. मी प्रत्येक टेबलावर कृतीची चिठ्ठी ठेवली होती. तिच्यात एक वाक्य होते : ‘रोधपेटीतून ५००० काढा आणि कळ दाबा.’

रोधपेटी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पेटीच्या झाकणावर जाड पितळी ठोकळे ओळीने बसवलेले असतात. दोन ठोकळ्यांमधल्या फटीत पितळी प्लग घट्ट बसवला, की वीजप्रवाह पितळेतून सरळ निघून जातो. त्या फटीखालच्या तारेच्या वेटोळ्यात तो जातच नाही. प्लग उपटला, की प्रवाहाला वेटोळ्यातून जावे लागते. म्हणजे गंमत अशी, की ५००० चा प्लग काढला की मंडलात ५००० ओहम रोध येतो! प्रयोगशाळेत आम्ही सारे ‘पाच हजार काढ’ असेच बोलतो आणि त्याचा अर्थ ‘पाच हजार घाल’ असा घेतो. वीस वर्षे बोलून बोलून त्यातला विरोधाभास मला दिसेनासा झाला होता.

एक विद्यार्थी मात्र रोधपेटी पहिल्यांदाच हाताळत होता. तो मुलगा शिस्तीचा. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. ५००० काढायचे, म्हणजे ते मंडलात राहता कामा नयेत, असा त्याने सरळ अर्थ लावला, सगळे प्लग पिरगाळून घट्ट बसवले आणि कळ दाबली. गॅल्व्हनोमीटरचा स्वतःचा रोध सुमारे १०० ओहम. मी मनात धरलेल्या जोडणीत प्रवाह ०.३९ मिलिअँपिअर वाहिला असता. प्रत्यक्षात वाहिला २० मिलिअँपिअर, म्हणजे पन्नासपट. काटा खाडकन टोकाला आपटला. “असे का केलेस रे?” म्हणून मी विचारले, तर त्याने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. “सर, तुम्हीच लिहिलंय.”

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण म्हणजे गेल्या दिवाळीत भेटायला आलेली माझी एक विद्यार्थिनी. ती पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करते. सध्या काय काम चालले आहे, असे विचारल्यावर ती म्हणाली, “सर, चिठ्ठ्या लिहिते. तुमच्यासारख्याच. फक्त वाचणारा एआय असतो.” तिने लॅपटॉप उघडून कामाचा नमुना दाखवला. एका साधनाची माहिती तिला लिहायची होती. हे साधन मेघावर चालणाऱ्या ॲपचा आकार बदलते आणि ते वापरणार आहे कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट. आधी कोणीतरी लिहून ठेवलेली माहिती एका ओळीची होती : ‘ॲपचा आकार बदलते.’ ती ओळ वाचली आणि मला तो आपटलेला काटा आठवला.

विद्यार्थी मित्रहो, माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. एजंटासाठी अशी माहिती लिहिणे हे कारकुनी काम नव्हे. ते विज्ञानाचे काम आहे, आणि तुमच्या प्रयोगवहीतील ‘कृती’ या मथळ्याखाली जे यायला हवे आणि सहसा येत नाही, नेमके तेच ते आहे. आता हे प्रकरण काय आहे ते नीट पाहू.

‘मेघ’ म्हटले तरी आकाशात काही नसते. मोठमोठ्या इमारतींत ओळीने मांडलेले संगणक असतात आणि त्यांतला काही भाग आपण भाड्याने घेतो. अशी केंद्रे आपल्याकडेही आहेत : मायक्रोसॉफ्टने पुण्यात २०१५ साली, तर ॲमेझॉनने मुंबईत २०१६ साली अशी सेवा सुरू केली. समजा, परीक्षेचे निकाल दाखवणारे एखादे ॲप तेथे चालते आहे. एरवी वर्षभर त्याच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. पण निकालाच्या दिवशी दुपारी सारा महाराष्ट्र एकाच वेळी त्याच्या दारात उभा राहतो. त्या दिवसापुरता ॲपचा आकार वाढवायचा आणि गर्दी ओसरली की कमी करायचा, म्हणजे भाडे वाचते.

हे आकार कमी करणे वाटते तितके सोपे नाही. एका खिडकीवर मिनिटाला सरासरी ९ माणसे येतात आणि खिडकी मिनिटाला १२ जणांचे काम करू शकते, असे समजा. माणसे कशीही, मनाला येईल तेव्हा येत असतील, तर रांगशास्त्राचे एक साधे सूत्र सांगते, की प्रत्येकाला रांगेसह सरासरी लागणारा वेळ म्हणजे १ भागिले (क्षमता वजा येणारी माणसे) इतकी मिनिटे. येथे तो १/३ मिनिट, म्हणजे २० सेकंद झाला. खर्च वाचवण्यासाठी क्षमता १० केली, तर वेळ एक मिनिट होतो. ती ९.१ केली, तर दहा मिनिटे! आणि ९ च्या खाली नेली, तर रांग वाढतच राहते, तिला शेवटच नाही. तुम्हीच वहीत करून पाहा. म्हणजे एका ठिकाणी क्षमता थोडी कमी करून काही बिघडत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी तेवढेच केल्याने सर्व ठप्प होते. आकार बदलणाऱ्याला हा कडा कोठे आहे ते माहीत हवे.

आता एजंट म्हणजे काय? पूर्वी वाड्याचा मालक परगावी राहत असे आणि कारभारी त्याच्या वतीने व्यवहार पाही, तशातलाच हा प्रकार. ‘निकालाची तयारी ठेव’ एवढे सांगितले, की कोणते साधन केव्हा वापरायचे ते हा यांत्रिक कारभारी स्वतः ठरवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने यासाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची एक खुली पद्धत जाहीर केली. तिच्यात प्रत्येक साधनाचे नाव, त्याची शब्दांत लिहिलेली माहिती आणि त्याला कोणकोणते आकडे वा अक्षरे द्यावी लागतात त्यांची यादी, एवढे एजंटापुढे ठेवले जाते. साधनाच्या पोटात काय चालते ते त्याला सहसा दिसत नाही. माझ्या विद्यार्थ्याला निदान रोधपेटी दिसत होती, शेजारच्या टेबलावर काय चालले आहे तेही दिसत होते. एजंटाजवळ आहे ती चिठ्ठी.

मग ‘ॲपचा आकार बदलते’ या ओळीत काय कमी आहे?

पहिली गोष्ट, ‘आकार’ म्हणजे काय? ॲपचा आकार दोन प्रकारे वाढतो. ते ज्या यंत्रावर चालते ते अधिक ताकदीचे घ्यायचे, किंवा यंत्र तेच ठेवून ॲपच्या अधिक प्रती चालवायच्या. एक बैल दमला तर दांडगा बैल आणायचा की दोन बैल जुंपायचे, असा हा प्रश्न आहे. दोहोंचा खर्च वेगळा, परिणामही वेगळे. ज्या ॲपची एक प्रत दुसरीला ओळखत नाही, त्याच्या दोन प्रती चालवल्या तर एकच काम दोनदा होण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट एककाची. येथे माझ्यातला भौतिकशास्त्राचा मास्तर जागा होतो. उत्तराला एकक लिहिले नाही म्हणून मी अर्धा गुण कापतो तेव्हा मुले कुरकुरतात. त्यांनी कुबरनेटिसचे उदाहरण पाहावे. २०१४ साली गूगलने खुली केलेली ही प्रणाली आज जगभर मेघावरील ॲप सांभाळते. तिच्यात प्रोसेसरचा वाटा ‘५००एम’ असा, लहान लिपीतल्या एमने लिहितात. त्याचा अर्थ ५०० मिलि, म्हणजे अर्धा प्रोसेसर. स्मृती मागायची तर मोठा एम लिहायचा. तो झाला मेगा, म्हणजे दहा लक्ष. आता कोणी स्मृतीपुढे चुकून लहान एम लिहिला आणि ४०० मागितले, तर प्रणाली त्याचा अर्थ ४०० मिलिबाइट, म्हणजे ०.४ बाइट असा घेते. एक इंग्रजी अक्षर ठेवायला सहसा एक बाइट लागतो. येथे अर्ध्याहून कमी अक्षराची जागा मागितली गेली! ही चूक लोक करतात याची जाणीव असल्यामुळे त्या प्रणालीच्या अधिकृत माहितीतच हे उदाहरण देऊन सावध केले आहे. मला ती माहिती लिहिणाऱ्याचे कौतुक वाटते. वाचणारा कोठे घसरेल याचा त्याने आधी विचार केला.

मेगामध्येही पुन्हा दोन पोटभेद आहेत. एक दहा लक्षांचा. दुसरा २ च्या विसाव्या घाताचा, म्हणजे १०,४८,५७६ चा, त्याला मेबि म्हणतात. फरक पाच टक्क्यांच्या आतला. पण गिगाबाइट आणि गिबिबाइट यांच्यात तो सात टक्क्यांवर जातो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती विद्यार्थ्यांना पटकन सुचत नाही, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. पंख्याचा रेग्युलेटर फिरवायला तुम्ही धाकट्या भावाला सांगता. ‘तीनवर ठेव’ म्हणा किंवा ‘दोन घरे वाढव’ म्हणा. पंखा एकवर असेल तर परिणाम एकच. पण भावाला ऐकू आले की नाही अशी शंका येऊन तुम्ही तेच पुन्हा ओरडलात तर? ‘तीनवर ठेव’ दहा वेळा सांगितले तरी पंखा तीनवरच राहील. ‘दोन घरे वाढव’ दोनदा ऐकले, की पंखा पाचवर जाईल. हेरोकू या मेघसेवेत प्रतींची संख्या दोन्ही प्रकारे सांगता येते : ‘वेब=४’ किंवा ‘वेब+२’. जाळ्यावरून दिलेल्या आज्ञेचे उत्तर वाटेत हरवणे ही नित्याची गोष्ट आहे. उत्तर आले नाही की एजंट साहजिकच पुन्हा प्रयत्न करतो. पहिल्या प्रकारात काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारात दोनाच्या चार प्रती व्हायच्या त्या सहा होतात आणि महिनाअखेरीस बिल पाहून मालक कपाळाला हात लावतो. आज्ञा दोनदा दिली तर चालते की नाही, हे म्हणूनच चिठ्ठीत लिहावे लागते. वर सांगितलेल्या पद्धतीत त्यासाठी एक स्वतंत्र खूणही ठेवली आहे. तशाच ‘हे साधन केवळ वाचते’ आणि ‘हे साधन नाश करू शकते’ अशा खुणा आहेत. मात्र त्या सूचना आहेत, हमी नव्हे.

चौथी गोष्ट, मागे फिरता येते का? पंखा वाढवला तसा कमी करता येतो. पण ॲमेझॉनच्या ईबीएस या सेवेत साठवणीची डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही. दुधात पाणी घातल्यासारखेच ते. अनेक ठिकाणी यंत्राचा आकार बदलताना ॲपची चालू प्रत थांबून नवी सुरू होते. भर गर्दीत हे करावे की नाही, ते एजंट तेव्हाच ठरवू शकेल, जेव्हा त्याला हे कोणीतरी सांगितलेले असेल.

यावर माझे काही सहकारी म्हणतात, “अहो, एआय एवढा हुशार, त्याला हे सगळे कळणार नाही का?” मला हा युक्तिवाद पटत नाही. माझा तो विद्यार्थीही हुशार होता. पुढे तो इंजिनिअर झाला. हुशारीने वाक्याचा अर्थ लावता येतो. परंतु वाक्यात नसलेली वस्तुस्थिती, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत ‘काढा’ चा अर्थ उलटा आहे ही गोष्ट, कितीही हुशारीने निर्माण करता येत नाही. ती एकतर विचारावी लागते, नाहीतर अंदाजाने भरावी लागते. आणि या यंत्रांची खोड अशी, की अनेकदा ती न विचारता मोकळी जागा पटण्याजोग्या अंदाजाने भरून टाकतात. अंदाज बहुधा बरोबर येतो, म्हणून तर धोका. नेहमी चुकणाऱ्यावर आपण लक्ष ठेवतो.

“मग सगळेच लिहून टाका, शंभर पाने लिहा,” असे म्हणणारेही आहेत. तेही बरोबर नाही. एजंट एका वेळी मर्यादित मजकूरच पुढ्यात ठेवू शकतो आणि त्याच्याजवळ साधने डझनावारी असतात. प्रत्येकाची पोथी झाली तर महत्त्वाचे वाक्य गर्दीत हरवेल. काय गाळायचे हे ठरवण्यातच खरा कस लागतो.

पण चिठ्ठी कितीही चांगली असली, तरी सर्व भार तिच्यावर टाकू नये. याचे मोठे उदाहरण माणसांच्याच हातून घडले आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या उत्तर भागातील ॲमेझॉनच्या केंद्रात एस-थ्री या साठवणसेवेच्या बिलांचे काम मंदावले होते. त्याचा शोध घेताना एका अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या कृतिपत्रिकेप्रमाणे काही थोडे संगणक सेवेतून बाजूला काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतला एक तपशील चुकीचा टाइप झाला आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक संगणक निघाले. साठवलेली वस्तू कोठे आहे याची नोंद ठेवणारा विभागच त्यात आडवा झाला. तो पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करण्याची वेळ मोठ्या केंद्रांत कित्येक वर्षे आली नव्हती. त्यामुळे अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला. अमेरिकेच्या पॅसिफिक प्रमाणवेळेनुसार सकाळी ९ वाजून ३७ मिनिटांनी सुरू झालेला गोंधळ दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी पूर्ण निस्तरला. मधल्या काळात असंख्य संकेतस्थळे बंद पडली. आणि आपल्या सेवांची प्रकृती दाखवणारा ॲमेझॉनचा स्वतःचा फलकही त्याच एस-थ्रीवर अवलंबून असल्यामुळे सुमारे दोन तास तो दुरुस्त करता येईना!

ध्यानात घ्या, येथे कृतिपत्रिका होती, माणूस जाणता होता, तरी घात झाला. नंतर ॲमेझॉनने काय केले? कर्मचाऱ्याला दोष देत बसण्याऐवजी त्यांनी साधन बदलले. आता ते संगणक हळूहळू काढते, आणि एखाद्या विभागाची क्षमता आवश्यक किमान पातळीखाली जाणार असेल तर काढायला नकार देते. म्हणजे आपण मघाशी वहीत पाहिलेला तो कडा त्यांनी साधनातच कुंपण घालून बंद केला. मला वाटते, एजंटाच्या हाती द्यायच्या प्रत्येक साधनाला असे कुंपण हवे. आणि कुंपण कोठे आहे, तेथे पोचल्यावर कोणता नकार मिळेल, हे चिठ्ठीत हवे. नाहीतर नकार मिळाल्यावर एजंट दुसरी वाट शोधू लागतो.

माझ्या विद्यार्थिनीने शेवटी लिहिलेली माहिती अशी होती. मूळ इंग्रजीचे हे तिनेच सांगितलेले मराठी :

‘चालू असलेल्या एका ॲपच्या प्रती किती असाव्यात आणि प्रत्येक प्रतीला किती स्मृती असावी, हे ठरवते. दिलेला आकडा अंतिम मानला जातो, वाढ नव्हे. आज्ञा पुन्हा दिली तरी चालते. स्मृती मेबिबाइटमध्ये द्या. आधी सध्याचा आकार वाचा. बदल होताना ॲप पुन्हा सुरू होते व थोडा वेळ प्रतिसाद देत नाही. डिस्क या साधनाने बदलत नाही. प्रतींची संख्या शून्य करायची असेल, तर साधन नकार देईल, माणसाला विचारा. आकार वाढल्यास खर्च वाढतो.’

एका ओळीच्या जागी सात-आठ ओळी झाल्या. “यांतले तुला सर्वांत अवघड वाक्य कोणते गेले?” असे मी विचारले. ती म्हणाली, “डिस्कचं. साधन जे करत नाही ते लिहायचं सुचतच नाही, सर. आपल्याला ते माहीत असतं ना.” ते वाक्य तिला कसे सुचले? तिने आधीची माहिती कामाशी संबंध नसलेल्या एका मैत्रिणीला वाचायला दिली आणि ‘यावरून काय समजलीस ते सांग’ म्हटले. मैत्रीण म्हणाली, “डिस्कसुद्धा मोठी होत असेल.”

मी हे लिहितो आहे ते तुम्ही सर्वांनी पुढे ॲप सांभाळावीत म्हणून नव्हे. माझी तक्रार आपल्या प्रयोगवह्यांबद्दल आहे आणि तिच्यात मीही आरोपी आहे. आपण ‘कृती’ लिहितो ती आदल्या वर्षीच्या वहीवरून : ‘आकृतीत दाखविल्याप्रमाणे जोडणी केली. वाचने घेतली.’ कोणती वाचने? किती वेळाने? आधी काय तपासले? तपासणाऱ्याला प्रयोग पाठ असतो, लिहिणाऱ्याला वाक्ये पाठ असतात, म्हणून वहीवर सही होते. त्या कृतीवरून कोणी प्रयोग करून पाहतच नाही. माझी सूचना अशी, की तोंडी परीक्षेचे थोडे गुण बाजूला काढावेत आणि एका तुकडीने लिहिलेल्या कृतीवरून, हा प्रयोग कधी न पाहिलेल्या दुसऱ्या तुकडीकडून तो करवून घ्यावा. लिहिणाऱ्याने जवळ उभे राहायचे, पण तोंड उघडायचे नाही. पहिल्या पाच मिनिटांत काय काय घडते ते पाहण्यासारखे असेल. (महाग उपकरणे मात्र त्या दिवशी कपाटात ठेवावीत.)

माझी चिठ्ठी मी केव्हाच बदलली. आता तिच्यावर ‘५००० ओहमचा प्लग उपटून बाजूला ठेवा, म्हणजे मंडलात ५००० ओहम रोध येईल. तो आल्याखेरीज कळ दाबू नका,’ असे लिहिलेले आहे. बरीच वर्षे ती निर्वेध चालली. गेल्या महिन्यात एक मुलगी पेटी घेऊन माझ्याकडे आली. “सर, या पेटीतला पाच हजारचा प्लग आधीच हरवलेला आहे. मग उपटू काय?” प्लगच नाही, म्हणजे रोध आधीपासूनच मंडलात होता, तिला काहीच करायचे नव्हते. पण चिठ्ठीत तसे म्हटलेले नव्हते, आणि ती तीन हजारांचे दुसरे दोन प्लग उपटण्याच्या बेतात होती. मी चिठ्ठी तिच्याच हातात दिली आणि पहिले वाक्य तिलाच लिहायला सांगितले. तिने लिहिले : ‘आधी पेटीकडे पाहा.’